प्रवाळभित्तीवरील पट्टेरी माशांची ओळख : अबुडेफडफ प्रजातीतील सदृश जाती

प्रस्तावना :
उष्ण कटिबंधातील प्रवाळभित्तींवर पट्टेरी मासे विपुल आढळतात. पोमॅसेंट्रिडी कुलातील अबुडेफडफ ही त्यांपैकी एक परिचित प्रजाती होय. फिक्या अंगावरील काळ्या उभ्या पट्ट्यांमुळे यातील काही जातींना इंग्रजीत लष्करी हुद्द्यावरून ‘सार्जंट मेजर’ असे नाव पडले. प्रजातीचे नाव मात्र अरबी आहे. निसर्गशास्त्रज्ञ पीटर फोर्स्कोल यांच्या तांबड्या समुद्रातील नोंदी त्यांच्या मृत्यूनंतर १७७५ मध्ये प्रसिद्ध झाल्या व त्यांतून हे नाव शास्त्रात रूढ झाले. यातील अनेक जाती परस्परांशी इतक्या सदृश आहेत की केवळ पट्टे मोजून त्या ओळखता येत नाहीत. प्रस्तुत लेखात त्यांच्या ओळखीची लक्षणे व त्या ओळखीचे महत्त्व स्पष्ट केले आहे.

भेददर्शक लक्षणे :
भारतीय व प्रशांत महासागरातील तीन जातींचा विचार येथे पुरेसा ठरेल.
१) अबुडेफडफ वैगिएन्सिस : अंगावर पाच काळे पट्टे असून पाठीवर पिवळी झाक असते. शेपटीच्या पाळ्यांवर काळी रेघ नसते.
२) अबुडेफडफ सेक्सफॅसिएटस : नावाचा अर्थ ‘सहा पट्ट्यांचा’ असला तरी धडावर सामान्यतः पाचच पट्टे दिसतात. शेपटीच्या दोन्ही पाळ्यांवर काळी रेघ असते आणि त्यामुळे शेपटी कात्रीसारखी भासते. हेच निर्णायक लक्षण होय.
३) अबुडेफडफ बेंगालेन्सिस : पट्टे अरुंद असून त्यांची संख्या सहा ते सात असते. शेपटीच्या पाळ्यांची टोके गोलसर असतात.

रंग हे स्वतंत्र लक्षण मानणे धोक्याचे आहे. अंड्यांची राखण करणाऱ्या नराच्या अंगावर निळसर छटा येते, तर मृत नमुन्यातील पिवळा रंग लवकर फिका पडतो. म्हणून शेपटीची ठेवण, पट्ट्यांची रुंदी व संख्या ही लक्षणे एकत्रितपणे पाहणे आवश्यक ठरते.

नामकरणातील गोंधळ :
लिनियस यांनी १७५८ मध्ये वर्णन केलेली अबुडेफडफ सॅक्सॅटिलिस ही अटलांटिक महासागरातील जाती आहे. वैगिएन्सिसचे वर्णन १८२५ मध्ये झाले; तथापि या दोन जातींतील साम्यामुळे भारतीय व प्रशांत महासागरातील मासेही दीर्घकाळ सॅक्सॅटिलिस याच नावाने नोंदवले जात. त्यामुळे जुन्या सूचीतील हे नाव जसेच्या तसे स्वीकारता येत नाही.

ओळखीचे महत्त्व :
हा प्रश्न केवळ नावाचा नाही. भूमध्य समुद्रात सॅक्सॅटिलिस आढळल्यास त्याचा मार्ग अटलांटिककडून, तर वैगिएन्सिस आढळल्यास तो सुएझ कालव्यातून असण्याची शक्यता अधिक असते. ओळख चुकल्यास परक्या जातीच्या आगमनाविषयीचा निष्कर्षच चुकतो. हवाई बेटांवर वैगिएन्सिसचा तेथील प्रदेशनिष्ठ अबुडेफडफ ॲब्डॉमिनॅलिसशी संकर होत असल्याचे आढळले आहे. असे संकरित मासे दोन्ही जातींची लक्षणे दर्शवतात व तेथे बाह्यरूप अपुरे पडते. अशा वेळी डीएनए परीक्षणाचा आधार घ्यावा लागतो.

निष्कर्ष :
पट्ट्यांची संख्या हा ओळखीचा आरंभ आहे, शेवट नव्हे. महाराष्ट्रात १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या परिसरात अभ्याससहली नेताना विद्यार्थ्यांकडून शेपटी स्पष्ट दिसेल असे छायाचित्र, स्थळ, खोली व दिनांक यांची नोंद करून घेणे उपयुक्त ठरेल. जातीविषयी खात्री नसल्यास केवळ प्रजातीचे नाव लिहावे. अपूर्ण नोंद पुढे पूर्ण करता येते. चुकीचे नाव मात्र एका सूचीतून दुसऱ्या सूचीत उतरत राहते.