माणसे उतरली, जहाज तरंगत राहिले

भर समुद्रात एखादे जहाज तरंगताना सापडावे, त्यावरील माल जागच्या जागी असावा आणि खलाशी मात्र एकही नसावा, अशी घटना घडली की भुताटकीपासून चाचेगिरीपर्यंत नाना तर्क सुरू होतात. जहाजावर माणसे का नाहीत, या प्रश्नाकडे सर्वांचे लक्ष जाते. परंतु माणसे जीव वाचवण्यासाठी जहाज सोडून गेल्यावरही ते बुडाले का नाही, हा दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा असून त्याचे उत्तर बहुधा जहाजाच्या तळाशी, पंपाजवळ किंवा इंजिनरूममध्ये सापडते.

या प्रकारातील जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘मेरी सेलेस्ट’ हे शिडाचे जहाज होय. न्यूयॉर्कहून जिनोआकडे अल्कोहोलची १,७०१ पिंपे घेऊन निघालेले हे जहाज डिसेंबर १८७२ मध्ये अझोर्स बेटे आणि पोर्तुगाल यांच्या दरम्यान ‘देई ग्राशिया’ या जहाजाला निर्मनुष्य अवस्थेत आढळले. कप्तान, त्याची पत्नी, लहान मुलगी आणि सात खलाशी अशी दहाही माणसे तसेच जहाजावरील होडी नाहीशी झाली होती. कथा-कादंबऱ्यांनी या घटनेला गूढतेचे वलय दिले. मात्र जहाजावरील दोन गोष्टी अधिक बोलक्या होत्या. दोन पंपांपैकी एक उघडून ठेवलेला होता आणि तळाशी साचलेल्या पाण्याची खोली मोजण्याची काठी डेकवर पडलेली होती. तळाशी सुमारे साडेतीन फूट पाणी होते, जे एवढ्या मोठ्या जहाजाला बुडवण्यास पुरेसे नव्हते. कारण ‘देई ग्राशिया’च्या मोजक्या खलाशांनी पुढे हेच जहाज हाकत जिब्राल्टरला नेले. पंप नीट चालेना आणि पाणी नेमके किती आहे याचा भरवसा राहिला नाही, म्हणून कप्तानाने घाईने होडीचा आश्रय घेतला असावा, हे अनुमान त्यामुळे अनेक अभ्यासकांना पटण्याजोगे वाटते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर असाच प्रश्न ३१ जुलै २०११ रोजी उभा राहिला. सुमारे एक हजार टनांचे ‘एमटी पवित’ हे पनामाचा ध्वज असलेले तेलवाहू जहाज त्या रविवारी मुंबईत जुहूच्या वाळूत येऊन रुतले आणि त्यावर कोणीही नव्हते. इंजिन बंद पडून आत पाणी शिरल्यामुळे त्यावरील १३ भारतीय खलाशांनी जूनच्या अखेरीस ओमानजवळ जहाज सोडले होते आणि ब्रिटिश युद्धनौका ‘एचएमएस सेंट ऑल्बन्स’च्या मदतीने त्यांची सुटका झाली होती. जहाज बुडाले असावे, असा समज झाला. प्रत्यक्षात ते महिनाभर अरबी समुद्रात वाहत राहिले आणि नौदल, तटरक्षक दल व सागरी पोलीस अशा तिहेरी पहाऱ्यातून कोणाच्या लक्षात न येता किनाऱ्याला लागले.

इंजिनरूममध्ये पाणी भरूनही असे जहाज का तरंगते, हे त्याच्या रचनेवरून समजते. इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी मोठ्या नळांनी आत घ्यावे लागते आणि हे नळ जलपातळीच्या खाली असतात. त्यातील एखादा फुटला की पाणी वेगाने शिरते, जनित्र भिजून वीज जाते आणि वीज गेल्यावर पाणी उपसणारे विद्युत पंपही थांबतात. अंधारात, खवळलेल्या समुद्रात ही साखळी थोपवणे खलाशांच्या आवाक्याबाहेर जाते. तथापि जहाजाचे पोट पोलादी भिंतींनी पाणबंद कप्प्यांत विभागलेले असते, म्हणून पाणी एका कप्प्यात कोंडले जाते, आणि बाकीच्या कप्प्यांत हवा किंवा पाण्याहून हलके तेल असल्यामुळे ते जहाजाला वर तोलून धरतात.

ही साखळी पहिल्याच कडीत तोडण्याचे शिक्षण समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या माथ्यावरील मावळात दिले जाते. लोणावळ्याची ‘आयएनएस शिवाजी’ ही १५ फेब्रुवारी १९४५ रोजी सुरू झालेली संस्था नौदलाच्या सागरी अभियंत्यांना घडवते, तर याच तालुक्यात तळेगावजवळ इंदोरी येथील तोलानी मेरिटाइम इन्स्टिट्यूट व्यापारी जहाजांसाठी अभियंते तयार करते. जहाजाला भोक पडल्यास लाकडी पाचर ठोकून ते बुजवणे, फुगू लागलेल्या भिंतीला टेकू देणे, फुटलेला नळ आवळून बांधणे आणि आगीशी झुंजणे, या कामांना नौदलात ‘डॅमेज कंट्रोल’ म्हणतात. जहाज सोडावे की झुंजत राहावे, हा निर्णय अखेर कप्तानाचा असला, तरी आत किती पाणी आहे आणि ते किती वेगाने वाढते आहे, हे इंजिनरूममधून आलेल्या माहितीवरच ठरते.

सोडलेले जहाज कोठे जाईल, हेही निव्वळ दैवावर अवलंबून नसते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत अरबी समुद्रावर नैर्ऋत्येचे वारे जोराने वाहतात आणि पृष्ठभागाचे पाणीही सर्वसाधारणपणे पूर्वेकडे सरकते. लोणावळ्याच्या घाटावर पाऊस ओतणारे हेच वारे ओमानजवळ सोडलेल्या जहाजाला कोकणाकडे ढकलतात. १८ ऑगस्ट २०२२ रोजी रायगड जिल्ह्यात हरिहरेश्वरजवळ किनाऱ्याला लागलेल्या ‘लेडी हान’ या नौकेने याचा दुसरा पुरावा दिला. मस्कतहून युरोपकडे जाताना २६ जूनला तिचे इंजिन बिघडले, एका कोरियन युद्धनौकेने माणसांना वाचवले, पण समुद्र खवळलेला असल्याने नौका ओढून नेता आली नाही. तिच्यात तीन एके-४७ रायफली सापडल्यामुळे राज्यभर खळबळ उडाली, तथापि प्राथमिक तपासात घातपाताचा धागा आढळला नाही, असे विधानसभेत सांगण्यात आले.

हा संशय अनाठायी नव्हता. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणाऱ्या अतिरेक्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावली होती आणि ती पुढे मुंबईजवळ सोडून दिलेली सापडली, तेव्हा तिच्यात तांडेलाचा मृतदेह होता. निर्मनुष्य नौकेमागे यंत्राचा बिघाड आहे की गुन्हा, हे म्हणूनच प्रत्येक वेळी तपासावे लागते.

अडचण अशी की वीज गेलेले जहाज बोलत नाही. नाव, स्थान आणि वेग आपोआप प्रसारित करणारी ‘एआयएस’ यंत्रणा मोठ्या जहाजांवर बंधनकारक आहे, परंतु वीज संपल्यावर ती मुकी होते आणि मग केवळ रडार व माणसाची नजर यांवर भिस्त राहते. २००८ नंतर किनाऱ्यावर रडारांची साखळी उभारण्यात आली, २०१४ मध्ये गुरुग्राम येथे सर्व माहिती एकत्र करणारे केंद्र सुरू झाले, आणि हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था वारे व प्रवाह यांवरून तरंगत्या वस्तूचा संभाव्य मार्ग सांगू शकते. मात्र जहाज सोडल्याचे ठिकाण आणि वेळ कळली, तरच या गणिताचा उपयोग होतो. खलाशी सुखरूप पोहोचले म्हणजे प्रकरण मिटले, असे न मानता जहाज बुडाल्याची खात्री होईपर्यंत ते तरंगतच आहे असे धरून शोध चालू ठेवणे, हाच जुहू आणि हरिहरेश्वर येथील घटनांचा व्यवहारी धडा आहे.