युगांडाची बॅग शेवटच्या आठवड्यात भरा

वर्षभरासाठी युगांडाला जायचं ठरलं, मग ते शाळेत शिकवायला असो, दवाखान्यात परिचारिका म्हणून असो किंवा यूएन व्हॉलंटिअर म्हणून उत्तरेकडच्या बिडीबिडीसारख्या निर्वासित वसाहतीत असो, घरात पहिला विषय निघतो तो बॅगेचा. मेतकूट दळून येतं, शेजारच्या काकू चकल्यांचा डबा देऊन जातात आणि वजनकाटा बाहेर निघतो. हे सगळं शेवटच्या आठवड्यात झालं तरी चालतं. खरी तयारी कॅलेंडर समोर ठेवून करायची असते, आणि ती निदान तीन महिने आधी सुरू करावी लागते. सहा महिने हाताशी असतील तर फारच उत्तम.

सुरुवात यलो फीवरच्या, म्हणजे पीतज्वराच्या लशीपासून करा. ती कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे मिळत नाही. सरकारने मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांवरच दिली जाते. तिथे पासपोर्ट दाखवावा लागतो, नंबर लावावा लागतो आणि कधी कधी लस संपलेलीही असते. लस टोचल्यावर जे पिवळं कार्ड मिळतं ते दहा दिवसांनंतर ग्राह्य धरलं जातं. त्यामुळे उड्डाणाच्या आठवडाभर आधी धावाधाव करून काही उपयोग नाही. युगांडाच्या ई-व्हिसाच्या अर्जालाही हे कार्ड जोडावं लागतं, म्हणजे व्हिसाच्याही आधी लस. दर दहा वर्षांनी ती पुन्हा घ्यायची हा जुना नियम होता. जुलै 2016 पासून एक डोस आयुष्यभर चालतो. केंद्रातून बाहेर पडण्यापूर्वी कार्डावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील किंवा वय साठीच्या पुढे असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला, कारण ही जिवंत विषाणूची लस आहे.

हे कार्ड जाताना जितकं लागतं तितकंच परतताना लागतं, आणि आपली माणसं नेमकी इथे गाफील राहतात. पीतज्वराच्या देशातून कार्डाशिवाय भारतात उतरलेल्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. ते पासपोर्टच्या कव्हरातच राहू द्या. मोबाइलमधला फोटो असावा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

बाकीच्या लशींचं गणित अंतराचं आहे. हिपॅटायटिस बीचे तीन डोस नेहमीच्या पद्धतीने पूर्ण व्हायला सहा महिने लागतात. टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि धनुर्वाताचा बूस्टर एकाच फेरीत उरकतात. रेबीजची लस आधीच घेऊन ठेवा असं मी आग्रहाने सांगेन. ती घेतली म्हणजे कुत्रं चावल्यावर काहीच करायचं नाही असं नव्हे. जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि पुढची इंजेक्शनंही घ्यायचीच. फरक एवढाच, की आधी लस घेतलेल्याला इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही, आणि आडगावात हाताशी नसतं ते नेमकं तेच.

त्याच फेरीत दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन या. किडलेली दाढ कंपालाची वाट बघत बसत नाही.

आता मलेरिया. ‘आपल्याकडेही मलेरिया असतो, आम्हाला सवय आहे’ हे वाक्य डोक्यातून काढून टाका. युगांडात प्रामुख्याने फॅल्सिपेरम जातीचा परजीवी आहे. तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो आणि दुर्लक्ष केलं तर दोन-चार दिवसांत जिवावर बेततं. लहानपणी दोनदा हिवताप होऊन गेल्याने इथे काही संरक्षण मिळत नाही. प्रतिबंधक गोळ्यांचे मुख्य पर्याय तीन. डॉक्सिसायक्लिन रोज घ्यायची, जाण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत. स्वस्त आहे, पण उन्हात त्वचा भाजते, आणि गोळी पेलाभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसावं लागतं. झोपता झोपता गिळली तर अन्ननलिकेला जखम होते. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सातच दिवस घ्यावी लागते, पण वर्षभराचा खर्च बराच होतो. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. मात्र काहींना तिच्यामुळे भयंकर स्वप्नं पडतात, मन बिघडतं. म्हणून ती दोन-तीन आठवडे आधी सुरू करून घरच्या माणसांतच कशी सोसते ते पाहायचं. कोणती गोळी घ्यायची हे डॉक्टर ठरवतील. पण तीन-चार महिन्यांनी कंटाळून गोळ्या सोडून देणारे स्वयंसेवक पुष्कळ असतात. तिथली माणसं कुठे रोज गोळ्या घेतात, असा त्यांचा युक्तिवाद असतो. तिथल्या मोठ्या माणसांची थोडीफार प्रतिकारशक्ती लहानपणापासूनच्या आजारांतून आलेली असते, आणि ती येईपर्यंत किती मुलं दगावतात हे कोणत्याही बालरुग्ण विभागात दिसतं.

गोळ्या चालू असल्या तरी मच्छरदाणी हवीच. ती इथून न्यायची गरज नाही. टांझानियातल्या आरुषामध्ये 2003 पासून कीटकनाशक मुरवलेल्या धाग्याच्या जाळ्या बनतात, आणि अशा जाळ्या कंपालातही मिळतात. काही न्यायचंच असेल तर सुतळी, चार हुक आणि जाड सुई-दोरा न्या. चौकोनी जाळीला चार आधार लागतात, गोल जाळीचं छताच्या एका हुकावर भागतं. जाळी गादीखाली चारी बाजूंनी खोचायची आणि झोपण्याआधी आतून एकदा टॉर्च फिरवून पाहायचा. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. विषुववृत्ताजवळ बारा महिने सातच्या सुमाराला अंधार होतो, त्यामुळे पूर्ण बाह्यांचा सदरा साडेसहालाच अंगात हवा. उघड्या त्वचेला 30 टक्के डीट असलेलं मलम लावा. सनस्क्रीन आधी, मलम नंतर.

तिथे गेल्यावर एक गोष्ट सगळ्यांनाच विचित्र वाटते. गंजीफ्रॉकपासून चादरीपर्यंत सगळ्याला इस्त्री करायची! कारण आहे मँगो फ्लाय नावाची माशी. ती सावलीत वाळत टाकलेल्या ओलसर कपड्यांवर किंवा जमिनीवर पसरलेल्या चादरीवर अंडी घालते. तो कपडा अंगात घातला की अळी त्वचेत शिरते आणि काही दिवसांनी पाठीवर किंवा कमरेवर फोड येतो. त्याच्या मध्यभागी बारीक छिद्र असतं आणि तिथून काहीतरी हलल्यासारखं जाणवतं. फोडावर व्हॅसलिन थापलं की अळीची हवा तुटते, ती वर येते आणि मग हलकेच दाबून काढता येते. जीवघेणं काही नाही, पण किळसवाणं खरं. उपाय म्हणजे कपडे दोरीवर कडक उन्हात वाळवायचे आणि दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री फिरवायची, शिवणी आणि इलॅस्टिकवर जास्त. खेड्यात वीज नसली तरी कोळशाची इस्त्री असते. म्हणूनच इस्त्रीचा ताप सोसतील असे सुती कपडे घ्या, झटपट वाळणारे सिंथेटिक नकोत.

रंगांचंही पाहा. जंगलपट्ट्यात त्सेत्से माशीला गडद निळा आणि काळा रंग खुणावतो. तिला पकडायचे सापळेही याच रंगांच्या कापडाचे असतात. लष्करी छापाची पँट युगांडात कायद्यानेच चालत नाही. आणि गरम देश म्हणून स्वेटर वगळू नका. कंपाला सुमारे 1200 मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडंसंच खाली. नैऋत्येचं कबाले 2000 मीटरच्या आसपास आहे आणि तिथल्या रात्री चांगल्याच बोचतात.

बॅग भरताना प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: ही तिथे मिळते का? डाळ, तांदूळ, हळद, मसाले कंपालाच्या दुकानांत मिळतात. 1972 मध्ये इदी अमीनने हाकललेल्या भारतीय वंशाच्या लोकांपैकी काही कुटुंबं पुढे परतली, आणि त्यांचा व्यापार पुन्हा उभा राहिला. चपाती तर रस्त्यावरचं खाणं आहे. तिच्यात ऑम्लेट गुंडाळून देतात त्याला रोलेक्स म्हणतात. त्यामुळे मेतकूट आणि गोडा मसाला घ्या, पिठाची पिशवी नको. जुने कपडे वाटायला नेऊ नका. कंपालातल्या ओविनोच्या बाजारात परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग पडलेले असतात. घरात उरलेली औषधंही दान म्हणून नेऊ नका. मुदत संपत आलेल्या अनोळखी गोळ्या हे तिथल्या फार्मासिस्टला जास्तीचं काम.

न्यायचं ते हे: चष्म्याच्या दोन जोड्या आणि नंबरचा कागद. स्वतःची रोजची औषधं मूळ पाकिटात, औषधाचं शास्त्रीय नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह. मासिक पाळीचा कप. पायाला सरावलेले बंद बूट. डोक्याला बांधायचा दिवा. आपली गोल पिन तिथल्या तीन चौकोनी पिनांच्या प्लगमध्ये जात नाही, म्हणून दोन अडॅप्टर. पॉवरबँक हातातल्या बॅगेतच ठेवायची. आणि जागा खाल्ली तरी एक आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट घ्याच. बोडा-बोडा, म्हणजे मोटारसायकल-टॅक्सी, हे तिथलं रोजचं वाहन. साप आणि सिंहांची भीती घरच्यांना वाटते, खरा धोका रस्त्यावर आहे. विमा घेताना मोटारसायकलवरच्या अपघाताची भरपाई मिळते का आणि हवाई रुग्णवाहिकेचा खर्च धरलाय का, हे बारीक अक्षरांत वाचा. या भागातली जुनी हवाई रुग्णसेवा अ‍ॅमरेफ फ्लाइंग डॉक्टर्स नैरोबीहून उडते, आणि ते बिल स्वयंसेवकाच्या मानधनातून फिटत नाही.

कागदांचं थोडक्यात: पर्यटक व्हिसावर काम करू नका, परवाना यजमान संस्थेने काढून द्यायला हवा. मुलांसोबत काम असेल तर पासपोर्ट कार्यालयातून पोलिस क्लिअरन्स घेऊन ठेवा. आणि ज्याच्या जागी जाताय त्या माणसाला निघण्यापूर्वी एक फोन करा. दिवस सकाळी सहापासून मोजायची तिथे पद्धत आहे, त्यामुळे गावात ‘दोन वाजता बैठक’ म्हणजे आपले सकाळचे आठ असू शकतात. असल्या गोष्टी तोच सांगेल. शेवटचा एक इशारा: व्हिक्टोरिया सरोवरात पोहायचा मोह होईल. पण बिलहार्झिया या रोगाच्या अळ्या पाण्यातून थेट त्वचेत शिरतात, तेव्हा काठावरूनच बघा.

परत आल्यावर गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा. त्यानंतर वर्षभरात कधीही ताप आला, तर ‘व्हायरल असेल’ म्हणून थांबू नका. त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता पहिल्याच वाक्यात सांगा की तुम्ही युगांडात राहून आला आहात.