कॉम्प्रेसरच्या टाकीतील पाणी
घिवलीसारख्या किनाऱ्यावरील गावातील हवा दमट असते. पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरचा दट्ट्या हीच हवा सुमारे ८ पट दाबून टाकीत भरतो. तेथे ती निवली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊन तळाशी साचते. टाकी आतून गंजते, पत्रा पातळ होतो. बाहेरचा रंग मात्र शाबूत दिसतो. म्हणून रोज काम संपल्यावर वीज बंद करून, दाब बराच उतरवून, तळाचा ड्रेन कॉक उघडावा. तेल, पट्टा, गाळणी यांची कुरकूर कानांना कळते. गंजाची कळत नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून त्याला बूच मारणे हा तर जिवावर बेतणारा अविचार होय. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत गेलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी झिजलेल्या टाकीला वेल्डिंगचे ठिगळ लावण्यास स्पष्ट नकार द्यावा. अशी टाकी बदलावीच लागते.