जुना स्लॅब, नवा स्लॅब

कर्जत-खालापूर भागात पावसाळा संपला की घरांची बांधकामे सुरू होतात. कोणी जुन्या घराला खोली जोडतो, कोणी स्लॅब पडवीपर्यंत वाढवतो. पुढच्या पावसात मात्र नेमके जुन्या-नव्याच्या सांध्यातून पाणी ठिबकू लागते. सिमेंट चांगले वापरूनही असे का व्हावे?

सिमेंट म्हणजे डिंक नव्हे. पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन त्याचे सूक्ष्म स्फटिक बनतात व ते वाळू-खडीला घट्ट धरतात. जुन्या स्लॅबमधील ही क्रिया बहुतेक आटोपलेली असते. नवे स्फटिक जुन्याच्या छिद्रांत आणि खाचाखोचांत शिरूनच त्याला धरू शकतात. म्हणून जुन्या कडेला छन्नीने टाचे मारतात व धूळ धुऊन काढतात. कड आदल्या दिवसापासून भिजत ठेवतात. कारण कोरडी कड नव्या काँक्रीटमधले पाणी शोषून घेते आणि सांध्यातील सिमेंट कच्चे राहते. पण वर पाणी साचलेलेही नको, नाहीतर तेथे काँक्रीट पातळ व कमजोर होते.

तरीही एक अडचण उरते. नवे काँक्रीट वाळताना आकसते. गणितात हे आकसणे ०.०००३ धरतात; म्हणजे ४ मीटर लांबीत १.२ मिलिमीटर. जुना स्लॅब पूर्वीच आकसून बसलेला असल्याने सांधा ताणला जातो. काँक्रीट जेवढा दाब सोसते, त्याच्या सुमारे एक दशांशच ताण सोसते. तो ताण लोखंडाने घ्यावा लागतो. त्यासाठी जुनी कड फोडून आतल्या सळ्या मोकळ्या करतात आणि नव्या सळ्या त्यांच्या शेजारी पुरेशा लांबीपर्यंत ठेवून बांधतात. ही लांबी अभियंत्यानेच ठरवायची असते. सळ्यांवाचून नुसता चिकटवलेला सज्जा कोसळून जीवही जाऊ शकतो.

मग प्रत्येक सांधा असाच जखडावा काय? खालापूर तालुक्यातून २००२ साली पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो. त्याच्या काँक्रीटवर ठराविक अंतराने आडव्या रेघा दिसतात. ते मुद्दाम ठेवलेले सांधे आहेत. तापमान २५ अंश सेल्सिअसने वाढले, तर १ किलोमीटरची मोकळी अखंड लादी सुमारे २५ सेंटिमीटर लांबेल! म्हणून रस्त्याच्या लहान लाद्या करतात. आडव्या सांध्यात गुळगुळीत सळ्या घालतात. लादी त्यांवरून पुढे-मागे सरकते, पण चाकाचा भार शेजारच्या लादीला पोचतो. दोन पट्ट्यांमधील उभ्या सांध्यात मात्र खाचेदार सळ्या असतात. त्या लाद्यांना दूर जाऊ देत नाहीत.

घराचेही तसेच. नव्या भागाचा पाया वेगळा असेल, तर तो वेगळ्या प्रमाणात खचतो. अशा वेळी जुन्याला न जखडता मधे फट ठेवतात, ती लवचिक पदार्थाने भरतात आणि वरून पाणी शिरणार नाही असे झाकण करतात. पाणी सळ्यांपर्यंत पोचले की गंज चढतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीटचे पापुद्रे निघतात.

तेव्हा सांधा करण्याआधी विचारावे : येथे काय रोखायचे आणि काय मोकळे सोडायचे?

करून पाहा : जुन्या काँक्रीटचे दोन तुकडे घ्या. एक रात्रभर भिजवून पुसा, दुसरा कोरडाच ठेवा. दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब टाका. कोणता थेंब आधी नाहीसा झाला? का?