थंडीच्या आधारावर राहिलेला अग्नि

पदार्थ पेटावयास ठिणगी लागते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु रसायनांच्या सृष्टींत कांहीं पदार्थ असे आहेत कीं, ठिणगीवांचून केवळ उबेनेंच ते आपले आपण पेट घेतात. सेंद्रिय पेरॉक्साइड या वर्गांत असे पदार्थ अनेक आहेत. प्लॅस्टिक तयार करितांना रासायनिक क्रियेस चालना देण्यासाठीं त्यांचा उपयोग होतो. तेव्हां आपल्या घरांतील कितीतरी वस्तूंच्या जन्मास ते कारण झालेले असतात.

यांच्या रेणूंत प्राणवायूचे दोन अणु एकमेकांस जोडलेले असतात आणि तो सांधा कच्चा असतो. ऊब लागली कीं तो तुटतो; तुटतांना उष्णता निघते; ती शेजारच्या रेणूंस तोडते. निघालेली उष्णता वेळींच बाहेर गेली तर भय नाहीं. पण सांठा जितका मोठा, तितकी ती आंत कोंडते. वाटींतील खीर लौकर निवते, पातेल्यांतली निवत नाहीं. ओल्या गवताची गंजी आंतून तापून कधीं पेटतेहि. तोच न्याय येथें लागू पडतो. म्हणूनच कारखान्यांतील क्रियापात्रांत पेरॉक्साइड थोडें थोडें सोडतात, मिश्रण सतत ढवळतात आणि पात्राभोंवतीं थंड पाणी खेळवितात. ढवळणें वा थंडावा बंद पडला तर उष्णता आवरेनाशी होते.

हा धोका केवळ पुस्तकी नव्हे. अमेरिकेंत टेक्सास संस्थानांतील क्रॉस्बी गांवीं आर्केमा कंपनीचा असाच कारखाना आहे. ऑगस्ट २०१७ मध्यें हार्वे वादळाच्या पावसानें तेथें पूर आला. प्रथम वीज गेली, मागोमाग संकटकाळासाठीं ठेवलेलीं जनित्रेंहि निकामी झालीं. कामगारांनीं पेरॉक्साइड शीतकोठारांतून काढून शीतयंत्रें असलेल्या नऊ गाड्यांत हलविलें. पण पाणी चढतच गेलें. अखेर सर्व माणसें बाहेर काढावीं लागलीं आणि दीड मैलाच्या परिघांतील वस्ती खालीं केली गेली. ३१ ऑगस्टला पहिली गाडी पेटली, पुढें आणखी दोन. उरलेल्या ३ सप्टेंबरला अधिकाऱ्यांनीं मुद्दाम जाळून टाकिल्या. प्राणहानि झाली नाहीं. परंतु एकवीस जणांस वैद्यकीय मदत घ्यावी लागली.

आमच्या मतें या प्रकरणांतील खरा बोध असा कीं, संरक्षणाचे उपाय अनेक होते. पण वीज, जनित्र, गाड्या हीं सर्व एकाच पुराच्या पाण्याखालीं सांपडणारीं होतीं. तीन दोर असले तरी ते एकाच खुंटीस बांधले असतील, तर खुंटी उपटतांच तिन्ही सुटावयाचे.

हा विचार आपणांसहि परका नाहीं. कोंकणांत महाड येथें रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे, आणि जुलै २०२१ मध्यें सावित्रीच्या पुरानें तें शहर बुडालें होतें. रसायनविद्या शिकून कारखान्यांत जाणारे तरुण आमच्या वाचकांच्या घरांतून पुष्कळ आहेत. कामावर रुजू होतांच त्यांनीं एक प्रश्न अवश्य विचारावा: वीज गेली, तर येथील थंडी किती तास टिकेल, आणि दुसरी वीज किती पाण्यापर्यंत चालेल? या प्रश्नाचें उत्तर पाऊस येण्यापूर्वीं तयार असणें, हेंच खरें शहाणपण होय.