रागाचा रंग

शब्दांनाही माहेर असते. सासरी नांदता नांदता ते तेथे इतके मुरून जातात की, त्यांचे मूळ घर कोणते याची आठवण घरच्या माणसांसही राहत नाही. 'राग' हा आपल्या नित्याच्या बोलण्यातील शब्द असाच आहे. 'आजोबांना राग येईल', 'वहिनी रागावल्या आहेत', 'कृपा करून राग मानू नये' अशी वाक्ये ज्या घरात ऐकू येत नाहीत, असे मराठी घर विरळाच. परंतु त्याच घरातील मुलगा शाळेत संस्कृत शिकू लागला म्हणजे कोशात 'राग' या शब्दापुढे 'रंग', 'तांबडेपणा' आणि 'प्रेम' हे अर्थ पाहून बुचकळ्यात पडतो. रंगाचे प्रेम झाले आणि प्रेमाचा कोप झाला, हा प्रवास कसा घडला असावा, याचा थोडा विचार आम्ही आज वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

'रञ्ज्' या संस्कृत धातूचा अर्थ रंगणे, विशेषेकरून तांबडे होणे. त्यापासून 'राग' आणि 'रंग' हे सख्खे भाऊ निघाले. 'रक्त' हेही त्याच कुळातले. रक्त म्हणजे मुळात 'रंगलेले', पुढे 'तांबडे' आणि त्याहीपुढे देहात वाहणारे रुधिर. १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी ज्या पनवेलीस श्री धूतपापेश्वर हा औषधांचा कारखाना स्थापन केला, तेथील लोकांस यातले काही तरी कानावरून गेलेले असेलच. आयुर्वेदात यकृत व प्लीहा या स्थानी राहून अन्नरसास तांबडा रंग देणाऱ्या पित्ताला 'रंजक पित्त' म्हणतात. म्हणजे वैद्यांच्या दृष्टीने रक्त हा रंगवून सिद्ध झालेला रसच होय.

रंग वस्त्राला चढतो तसा मनालाही चढतो, ही कल्पना आपल्या पूर्वजांस फार आवडलेली दिसते. एखाद्याच्या ठायी मन रंगले तो 'अनुराग'. तो रंग उडाला की माणूस 'विरक्त'. ज्या स्वरांनी चित्त रंगून जाते तोही 'राग'च. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने 'साहित्यदर्पण' या ग्रंथात तर प्रेमाचे तीन प्रकार थेट रंगाऱ्याच्या दुकानातून आणले आहेत. नीळीचा रंग डोळ्यांत भरत नाही, पण जातही नाही. राम-सीतेचे प्रेम त्याने या वर्गात घातले आहे. कुसुंब्याचा, म्हणजे आपल्या करडईच्या फुलांचा रंग झळकतो खरा, पण लवकर उडतो. मंजिष्ठेचा रंग झळकतो आणि टिकतोही. रक्तशुद्धीच्या काढ्यात वैद्य जी मंजिष्ठा घालतात, तीच ही.

आता प्रेमाचा कोप कसा झाला ते पाहू. भीतीने मनुष्य पांढराफटक पडतो, लाजेने गोरामोरा होतो, संतापाने लालबुंद होतो. यांपैकी पहिल्या दोन ठिकाणी रंग हा भावनेचे केवळ चिन्ह राहिला; तिसऱ्या ठिकाणी मात्र तांबडेपणाचे नावच भावनेला मिळाले. अनुरागाने डोळे आरक्त होतात, तसे कोपानेही होतात. एकच लाली दोन्ही भावनांची खूण ठरल्यावर एकीचे नाव दुसरीकडे जाण्यास वेळ कितीसा लागणार? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाच्या वर्णनात राग, भय आणि क्रोध ही तीन नावे एकाच समासात आली आहेत. तेथे राग म्हणजे क्रोध असता, तर क्रोध निराळा सांगण्याचे कारण नव्हते. हिंदी आणि गुजराती भाषांत 'राग' आजही आसक्तीच्या व संगीताच्या अर्थी नांदतो. मराठीत, कोंकणीत आणि दूरच्या बंगालीत मात्र त्याचा कोप झाला. मराठीत गंमत अशी की, याच्या उलट प्रवासही घडला. संस्कृतात जो 'लोभ' षड्रिपूंमध्ये मोजला जातो, तो आपल्या पत्रांच्या शेवटी 'लोभ असावा' म्हणून मायेचा होऊन बसला. 'रागलोभ' या जोडशब्दात दोघेही आपापली जागा बदलून बसले आहेत!

तथापि आमच्या मते रागाने आपले माहेर अगदीच टाकलेले नाही. परक्याच्या अन्यायाची आपणांस चीड येते, नीच माणसाचा तिरस्कार वाटतो, वैऱ्याचा द्वेष वाटतो. पण 'आई रागावली' असे आपण म्हणतो, तेव्हा त्या शब्दात तिची मायाही गृहीत धरलेली असते. जिथे जीव रंगलेला नाही, तिथे 'रागावण्याचा' हक्क आपण कोणाला देत नाही.

याचे मोठे उदाहरण पनवेल तालुक्यातच सापडते. गोव्याच्या हमरस्त्यावर, कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण हे गाव आहे. तेथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. पुण्यास सरकारी नोकरीत असताना वेळेवर रजा न मिळाल्याने आईची अखेरची भेट अंतरली, ही त्यांच्या चरित्रातील गोष्ट प्रसिद्ध आहे. पुढे १८७६-७७ च्या दुष्काळात अन्नान्न करून मरणारे लोक त्यांनी पाहिले. १८७९ साली त्यांनी बंड केले, त्याच वर्षी ते पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. या पुरुषाच्या अंतःकरणात जे पेटले होते, त्याला राग म्हणावे की अनुराग? आईवरील आणि देशबांधवांवरील माया नसती, तर तो कोप उपजलाच नसता. शब्दाचे दोन्ही अर्थ येथे एका माणसात एकत्र आलेले दिसतात.

असे थोर प्रसंग आपल्या वाट्यास येत नाहीत. आपल्या वाट्यास येतात ते माजघरातले. चार भावांच्या एकत्र घरात एक शब्द वर्मी लागतो, दोन जावा बोलेनाशा होतात, सासरा-सून एकमेकांशी मुलांच्या तोंडून बोलू लागतात. अशा वेळी घरातील वडील माणसांनी या शब्दाचे कूळ आठवावे, एवढेच आमचे सांगणे आहे. समोरचे माणूस रागावले आहे, त्याअर्थी त्याचे मन अजून आपल्यावरून उडालेले नाही. भिण्यासारखी अवस्था ती, जेव्हा रागही येईनासा होतो. कारण मग रंग धुऊन गेलेला असतो आणि कोरे वस्त्र तेवढे हाती उरते. तोवर समजुतीला जागा आहे. विश्वनाथाच्या रंगांतून निवड करावयाचीच, तर कुटुंबात कोप कुसुंब्याचा असावा, दोन धुण्यांत जाणारा. आणि माया असावी मंजिष्ठेची.