मत्स्यबीजावरील चपटे कृमी : ओळख व बंदोबस्त

आषाढ-श्रावणात मत्स्यबीज केंद्रांवरून कटला, रोहू व मृगळ यांचे जिरे आणि बोटुकली प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून गावोगावी रवाना होतात. शेततळ्यात सोडल्यावर आठ-पंधरा दिवस सर्व ठीक चालते. पुढे एके दिवशी खाद्य टाकले तरी पिले जमत नाहीत. पाणी आत येते त्या तोंडाशी ती घोळका करून राहतात, काठाच्या दगडांवर किंवा प्लॅस्टिकच्या अस्तरावर अंग घासतात, आणि रोज सकाळी थोडी थोडी मरून तरंगताना दिसू लागतात. ‘पाणी बाधले’ असे म्हणून शेतकरी स्वस्थ बसतो, किंवा बीज पुरविणाऱ्यास दोष देतो. पुष्कळदा खरे कारण पिलांच्या कल्ल्यांत दडलेले असते आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

हे कारण म्हणजे चपट्या कृमींच्या वर्गातील परोपजीवी जीव होत. त्यांची लांबी बहुधा एका मिलिमीटरहून कमी असते. शरीराच्या मागील टोकास आकड्यांनी युक्त असे एक चकतीसारखे अंग असते. त्याच्या साह्याने कृमी माशाला घट्ट धरून राहतो व पुढील तोंडाने त्वचेचा आणि कल्ल्यांचा कोवळा थर खातो. जखमेच्या जागी मासा बुळबुळीत स्राव अधिक सोडतो. कल्ल्यांवर हा स्राव साचला म्हणजे पाण्यातील प्राणवायू रक्तात शिरणे कठीण होते. मोठा मासा दहा-वीस कृमी सहज सोसतो. बोटभर लांबीच्या पिलाची गोष्ट वेगळी. त्याचे कल्ले एवढे नाजूक असतात की तितकेच कृमी त्यास गुदमरवून टाकतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीने यांतील दोन प्रकार महत्त्वाचे आहेत. पहिला डॅक्टिलोगायरस. हा मुख्यत्वे कल्ल्यांवर राहतो व अंडी घालतो. दुसरा गायरोडॅक्टिलस. हा बहुधा अंगावर व परांवर आढळतो. तो अंडी घालीत नाही. जिवंत पिलास जन्म देतो. मौज अशी की, जन्माला येणाऱ्या त्या पिलाच्या उदरात पुढच्या पिढीचे पिलू आधीच वाढीस लागलेले असते. त्यामुळे एका कृमीपासून थोड्याच दिवसांत मोठी वसाहत तयार होते. हा भेद केवळ शास्त्रज्ञांच्या कामाचा आहे असे मानू नये. कृमी अंडी घालणारा की पिलू देणारा, यावरच औषध एकदा द्यावयाचे की तीनदा हे ठरते.

पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले की लगेच कृमींचा संशय घेणे बरोबर नाही. ढगाळ हवेत व दाट हिरव्या पाण्यात रात्री प्राणवायू कमी पडतो. तेव्हा तळ्यातील जवळजवळ सर्वच मासे वर येतात, आणि ऊन वर आल्यावर पूर्ववत खाली जातात. कृमी झालेली पिले दुपारपर्यंतही मंदच राहतात. त्यांच्या कल्ल्यांवरील झाकणे अर्धवट उघडी दिसतात. झाकण उचलून पाहिल्यास लालभडक कल्ल्यांऐवजी फिकट, सुजलेले व चिकट कल्ले आढळतात. खात्री करावयाची तर मरणोन्मुख पिलू घ्यावे. मेल्यावर बराच वेळ गेलेला मासा या कामी निरुपयोगी होय, कारण कृमी त्यास सोडून जातात. कल्ल्याचा लहानसा तुकडा कात्रीने कापून काचपट्टीवर तळ्याच्याच पाण्याच्या थेंबात ठेवावा आणि शाळेतील साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. लांबट, पांढुरके, आखडणारे व पसरणारे जीव दिसतात. पुढील टोकाशी चार काळे ठिपके दिसल्यास तो डॅक्टिलोगायरस. ठिपके नसून पोटात आकडे असलेले पिलू दिसल्यास तो गायरोडॅक्टिलस समजावा. गावपातळीवरील कार्यकर्त्याने एकदा हे स्वतः पाहिले म्हणजे पुढे त्याची ओळख चुकत नाही.

सिमेंटच्या हौदाच्या भिंतीवर पुष्कळदा राखी किंवा तपकिरी रंगाचे, सावकाश सरकणारे चपटे कृमी दिसतात. ते प्लॅनेरिया होत. ते माशांना चिकटून राहत नाहीत. उरलेले खाद्य व बारीक जीव यांवर जगतात. ते वाढले म्हणजे खाद्य जास्त पडत आहे एवढाच बोध घ्यावा. त्यांच्यासाठी औषध टाकणे हा पैशाचा अपव्यय आहे.

उपचारांपैकी सर्वांत स्वस्त व हाताशी असलेला उपाय मिठाचा. दहा लिटर पाण्यात २०० ग्रॅम खडे मीठ विरघळवावे, म्हणजे दोन टक्क्यांचे द्रावण होते. भांडे प्लॅस्टिकचे असावे. जस्ताचा मुलामा दिलेली बादली वापरू नये, कारण मिठाने जस्त सुटून पिलांना अपाय होतो. पाणी पिलांच्याच तळ्यातील घ्यावे. पिले हातजाळीसह या द्रावणात दोन-तीन मिनिटे बुडवावीत व त्यांवर सतत नजर ठेवावी. एखादे पिलू कुशीवर पडू लागताच जाळी उचलून स्वच्छ पाण्यात सोडावी. प्रथम दहा-पंधरा पिलांवर हा प्रयोग करून, ती तासाभरात सावरली तरच उरलेल्यांस बुडवावे. नुकत्याच आलेल्या जिऱ्यास हा उपचार मुळीच करू नये. तो बोटुकलीसाठीच आहे. गायरोडॅक्टिलसवर मिठाचा गुण चांगला येतो. कल्ल्यांतील डॅक्टिलोगायरसवर तो कमी येतो, आणि त्याच्या अंड्यांवर तर येतच नाही.

संपूर्ण तळ्यास उपचार करावयाचा असल्यास पोटॅशियम परमँगनेट वापरतात. विहिरीत टाकावयाची जांभळी पूड ती हीच. येथे अंदाजाने मूठभर टाकण्याची सवय घातक ठरते. तळ्याची लांबी, रुंदी व सरासरी खोली मीटरमध्ये मोजून गुणाकार करावा. येणारा आकडा घनमीटर होय. प्रत्येक घनमीटरास दोन ग्रॅम ही प्रारंभीची मात्रा. २० मीटर लांब, १० मीटर रुंद व १ मीटर खोल अशा संवर्धन तलावात २०० घनमीटर पाणी असते. त्यास ४०० ग्रॅम पूड लागेल.

परंतु शेणखत व खाद्य पडलेल्या गढूळ पाण्यात पुडीची शक्ती कचऱ्यावरच खर्च होते. म्हणून आधी परीक्षा घ्यावी. एक लिटर स्वच्छ पाण्यात एक ग्रॅम पूड विरघळवून ठेवावी. तळ्याचे दहा-दहा लिटर पाणी तीन पांढऱ्या बादल्यांत घेऊन त्यांत या द्रावणाचे अनुक्रमे २०, ३० व ४० मिलिलिटर घालावेत. यायोगे दर घनमीटरास दोन, तीन व चार ग्रॅम मात्रा होते. पंधरा मिनिटांनंतर ज्या बादलीचे पाणी गुलाबी राहिले असेल, त्यांतील सर्वांत कमी मात्रा तळ्यास योजावी. तिन्ही बादल्या चहासारख्या तपकिरी झाल्या तर औषध टाकूच नये. मात्रा वाढवीत गेल्यास कृमींच्या आधी पिलांचे कल्ले जळतात. अशा वेळी खाद्य बंद करून काही पाणी बदलणे व मग पुन्हा परीक्षा घेणे हेच शहाणपणाचे होय.

पूड पूर्ण विरघळवूनच सर्वत्र शिंपडावी. न विरघळलेले कण पिले गिळतात. काम सकाळी, उघाड असताना करावे. औषधाने शेवाळही मरते व प्राणवायू घटतो. म्हणून ताजे पाणी सोडण्याची किंवा पाणी खळबळविण्याची सोय तयार असावी. फॉर्मेलिनही या कृमींवर चालते. तथापि ते पाण्यातील प्राणवायू कमी करते व हाताळणाऱ्यासही अपायकारक आहे. मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीवाचून ते वापरू नये आणि परमँगनेटबरोबर तर कधीच मिसळू नये.

पहिल्या उपचारानंतर दोन दिवसांत पिले खाद्यास येऊ लागतात. येथेच बहुतेकांची फसगत होते. औषधाने मोठे कृमी मेले, पण तळाशी पडलेली अंडी तशीच आहेत. सुमारे २८ अंश उष्णतेच्या पाण्यात ती दोन-तीन दिवसांत फुटतात, आणि नव्या अळ्या पोहत जाऊन पिलांना चिकटतात. थंड पाण्यात यास अधिक काळ लागतो. या अळ्या वाढून स्वतः अंडी घालण्यापूर्वी त्यांस गाठावयाचे असते. म्हणून पावसाळ्यात पाचव्या-सहाव्या दिवशी दुसरी मात्रा व तेवढ्याच अंतराने तिसरी मात्रा द्यावी. हिवाळ्यात हे अंतर वाढवावे. प्रत्येक वेळी बादल्यांची परीक्षा नव्याने घ्यावी. तिसऱ्या मात्रेनंतर पुन्हा कल्ला तपासावा. पिले बरी दिसतात एवढ्यावरून ती शेजारच्या शेततळ्यास विकणे म्हणजे रोग वाटणे होय.

बाहेरून आलेल्या पिलांबरोबर हे कृमी किती नुकसान करू शकतात याचा दाखला नॉर्वेत मिळतो. तेथे स्वीडनकडील पिलांबरोबर गायरोडॅक्टिलसची एक जात आली. १९७५ मध्ये ती प्रथम लक्षात आली, आणि पुढे सुमारे ५० नद्यांत पसरून तिने सॅल्मन माशांचा फडशा पाडला. अखेरीस सरकारला अनेक नद्यांत विष घालून तेथील सर्व मासे मारावे लागले. कृमीस अंडी नसल्याने मासा संपला की तोही संपतो, या आधारावर हा कठोर उपाय योजला गेला.

आपल्याकडे एवढी वेळ येण्याचे कारण नाही. नवे बीज मुख्य तळ्यात सोडण्यापूर्वी दोन-तीन आठवडे वेगळ्या हौदात किंवा लहान तलावात ठेवावे. मुख्य तळ्यातच हापा लावून ठेवणे म्हणजे वेगळे ठेवणे नव्हे. पाणी तेच असते. या हौदाची जाळी व बादली निराळी असावी आणि जाळी रोज उन्हात कडक वाळवावी. संवर्धन तलावात दर हेक्टरी ३० ते ५० लाख जिरे सोडण्याची शिफारस आहे. यापेक्षा दाटी केल्यास अळीला चिकटण्यासाठी पिलू शोधीत जावे लागत नाही. हंगाम संपल्यावर मातीचे तळे रिकामे करून तळाला भेगा पडेपर्यंत वाळू द्यावे व मग चुना फेकावा. अस्तर घातलेल्या शेततळ्यात तळाचा गाळ काढून अस्तर घासावे आणि आठवडाभर कोरडे राहू द्यावे. अस्तर फाटेल या भीतीने काही शेतकरी गाळ तसाच ठेवतात. खराट्याऐवजी मऊ कुंचा वापरल्यास ही भीती उरत नाही.

हे कृमी माणसास होत नाहीत. त्यामुळे कृमी आढळलेल्या तळ्यातील मोठा मासा नीट शिजवून खाण्यास हरकत नाही.